कशानंबी वाटा, एक उरते

भूतखेत, भानामती, शकुन, अंगात येणं — यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवात अशीच करतात आणि शेवटाला पोचेपर्यंत त्यांचं मत बदललेलं असतं. माझं बदललेलं नाही. मी लिहायला बसलोय तो रागाने.

दोन अंकांपूर्वी याच सदरात एका वाचकाने 'सावलीकडची आकडेवाली माता' अशा नावाने एक अनुभव कळवला. त्याने तो आत्येभावाकडून ऐकला होता, आत्येभावाने कुठल्याशा चहाच्या टपरीवर. ती 'माता' म्हणजे माझी आई. म्हणून आधी काही दुरुस्त्या. तिच्या अंगात देवी आलेली नव्हती. आमच्या घरातला देव्हारा छप्पन सालीच खाली उतरला आणि त्यानंतर कोणाच्या अंगात काही यायची पद्धत घरात उरली नाही. तिचे केस मोकळे नव्हते. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती — भर दुपार होती आणि ती तांदूळ निवडत होती. लिंबू, अंगारा, घुमणं... यातलं काहीही नव्हतं. त्या मजकुरात छापलेला आकडासुद्धा चुकीचा आहे. आणि जिच्यामुळे हे सगळं घडलं त्या बाईचा त्यात एका शब्दाने उल्लेख नाही. राग मुख्यतः याचा आहे.

माझी नोकरी वर्तमानपत्रातली होती. जे जसं घडलं ते त्याच क्रमाने लिहायची सवय आहे. तसंच लिहितो.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी चंद्रपूरला नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. वडील वारले होते. आई गावी एकटी राहायची — सावली गावाहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या पट्ट्यात. तिची धाकटी बहीण कौसल्या, म्हणजे माझी मावशी, त्याच रस्त्यावर पुढच्या गावी दिली होती. मावशीचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नाही. सासरच्या घरातली एक खोली आणि परसातला एक तुकडा तिच्या वाट्याचा; शेजारच्या खोल्यांत दीर. दिराला ती खोली हवी होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मावशीलाही. ती रोज सकाळी त्याच्यासमोर अंगण सारवायची आणि कुलूप लावून कामाला जायची.

धान निघालं की आमच्याकडे उन्हाळ्यात हाताला काम नसतं. मग लोक तेंदूच्या हंगामाला अहेरीकडच्या जंगलात जातात. विडीला लागणारी ही पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे ठेकेदाराच्या जमा करायच्या जागेवर, नेऊन मांडायचे. आमच्या गावात शाळेत न गेलेल्या बाईलाही सत्तरपर्यंत न चुकता मोजता येतं. आईचं तसंच होतं. सत्तर झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. शंभर हा आकडा तिने बोलताना कधी वापरला असेल असं मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात मावशी गेली. आई गेली नाही, तिचे गुडघे दुखायचे. हंगाम संपल्यावर मजुरांची गाडी परत आली. सगळे उतरले. मावशी उतरली नाही.

मजूर नेणारा-आणणारा मुकादम आमच्याच भागातला. त्याने सांगितलं, जोड्या पुऱ्या चढल्या, गाडीत माणूस कमी नव्हता. बाई मध्येच कुठे उतरली असेल. दिराने त्यात भर घातली. आष्टीला गाडी चहापाण्याला थांबली तिथे ती एका माणसासोबत निघून गेली, असं तो सांगू लागला. हे त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. तो गाडीत नव्हता. पण संध्याकाळपर्यंत त्या माणसाला जात आणि धंदाही मिळाला होता, आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या खोलीवर दिराचं कुलूप होतं.

निरोप मिळाला तसा मी गावी पोचलो. आई ओसरीत सूप घेऊन बसली होती. रडत नव्हती. मी चप्पल काढल्यावर म्हणाली,

"बाबू, कौशी कोणासंगं गेली नाई. ते तिथीच उरली हाये."

कोणी सांगितलं, असं मी विचारलं. तिने तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. दोन, तीन, दोन, सात, नऊ, दोन, पाच, सहा, एक. आवाज नेहमीचा. एसटी स्टँडवर कोणी पाटीवरच्या वेळा वाचून दाखवतं तसा. मला वाटलं बहिणीच्या काळजीने तिचं डोकं फिरलं. हे काय आहे, असं मी विचारलं.

"आकडा हाये. कशानंबी वाट, एक उरते. जोड्या लावून पाह्य, तिघं तिघं बसवून पाह्य... एक उरतेच."

मी धंद्याच्या सवयीने वागलो. पाकिटामागे आकडे लिहून घेतले. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं, तेच आले. जेवताना विचारलं, तेच. तिला उलटीकडून म्हणायला सांगितलं तर जमेना. म्हणाली, असा नाई येत. पाठ केलेलं म्हणावं, तर पाठ कोणी करून घेतलं? घरात कॅलेंडर होतं, रेडिओ नव्हता. लॉटरीचं तिकीट आमच्या घरात कधी आलं नाही, वडिलांना त्याचा तिटकारा होता. त्या आठवड्यात तिच्याकडे कोण आलं-गेलं ते मी शेजारी विचारलं. दळण न्यायला आलेली एक बाई, आणि मावशीची बातमी सांगायला आलेले लोक. एवढेच.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव देत नाही, माणसं निवृत्त झाली असतील. तिथे नोंद आधीच झालेली होती — दिराच्या आणि मुकादमाच्या सांगण्यावरून 'सदर महिला आपखुशीने निघून गेली'. मी म्हटलं, मला हरवल्याची तक्रार द्यायची आहे. जमादार म्हणाले, जी स्वतःहून गेली ती हरवली कशी? मी म्हटलं, ती स्वतःहून गेली हे पाहणारा एक माणूस दाखवा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पत्रकारांनी घरच्या प्रकरणात पडू नये, बायकांच्या बाबतीत तर नाहीच, असा सल्ला दिला.

रजेसाठी चंद्रपूरला परत यावं लागलं. तिथे वसंत नावाचा माझा कॉलेजातला मित्र गणित शिकवायचा, माझ्या खोलीच्या समोरच राहायचा. मूळचा मूल गावाकडचा. मी पाकीट त्याच्यापुढे टाकलं. आधी त्याने नेहमीप्रमाणे थट्टा केली. मायनं लाटरी काढली का गा, असं विचारलं. मग पेपरच्या कोऱ्या कडेवर भागाकार करू लागला.

दोनने भागलं, एक उरला. त्यात काही विशेष नाही, आकडा विषम आहे. तीनने, एक. चारने, पाचने, सहाने, एक. सातने एक उरला तेव्हा त्याने चष्मा पुसला. अकराने एक, तेराने एक, सतराने, एकोणीसने... एक. विसाच्याही पुढे एकवीस आणि बावीस झाले. तेविसाने भागल्यावर सोळा उरले, तेव्हा कुठे तो मागे टेकला.

हे त्याने मला ज्या शब्दांत समजावलं त्याच शब्दांत सांगतो. एक ते वीस या सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जाईल अशी सगळ्यात लहान संख्या काढली तर ती येते तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. तिच्यात एक मिळवायचा. मग विसापर्यंत कशानेही वाटणी करा, शेवटी एक हातात राहणार. पुड्याच्या सत्तरनेही एकच राहतो. आईने म्हटलेला आकडा हाच होता. शेवटी साठच्या जागी एकसष्ट.

"हा आकडा झाडावरून पडत नाई गा," वसंत म्हणाला. "कोणीतरी बसून बनवला हाये. माय शाळेत कुठवर शिकली?"

"गेलीच नाही."

"तं मंग तूच बनवला. माही गंमत करून राह्यला तू."

मला संताप आला. माझी मावशी बेपत्ता होती, ठाण्यात तिच्या नावाने घाण लिहिलेली होती, आणि हा माणूस आकड्याचा बाप शोधत होता. मी त्याला तसं बोललो. त्याने माफी मागितली आणि लगेच विचारलं, मायला आणखी असा एखादा आकडा येतो का. मी निघून आलो. पुढच्या काळात हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की वसंतवरचा राग आज कमी झाला आहे. त्याने निदान भागाकार तरी केला होता.

सावलीच्या एसटीत मात्र एक गोष्ट लक्षात आली, आणि तिचा गणिताशी संबंध नव्हता. मुकादम म्हणाला होता, जोड्या पुऱ्या चढल्या. आई म्हणाली होती, जोड्या लावून पाह्य. दोन वेगळ्या माणसांच्या तोंडी एकच शब्द आला की वार्ताहर तिथे थांबतो. गाडीतली माणसं नेमकी मोजली कशी, हे मुकादमाला कोणीच विचारलेलं नव्हतं. ना पोलिसांनी, ना मी.

मुकादम अंगणात खाटेवर बसला होता. मी आवाज न चढवता विचारलं. त्यानेही न बिचकता सांगितलं. त्याला सांगण्यात कमीपणा वाटत नव्हता, उलट अभिमान होता. आत जाऊन एक पत्र्याचा डबा घेऊन आला. जंगलात पानं तोडायला माणसं जोडीने जातात — नवरा-बायको, मायलेकी, जावा-जावा. एक तोडतो, एक बांधतो, जनावराची भीती कमी राहते. मजुरी जोडीची, राहायची जागा जोडीची. तेव्हा मोजणीही जोडीची. जाताना जोडी गाडीत चढली की डब्यात एक चिंचोका. येताना जोडी चढली की एक चिंचोका बाहेर. डबा रिकामा झाला म्हणजे गाडी पुरी. इतकी वर्षं हेच करून राह्यलो भाऊ, म्हणाला, कधी फरक पडला नाई.

मी विचारलं, कौसल्याबाई कोणाच्या जोडीत होती?

तो डब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, बाई एकटी आली होती, सगळ्यात शेवटी चढली, मीच म्हटलं बस मागं. फडावर कधी हिच्यासोबत तोडायची, कधी तिच्यासोबत.

"मग तिचा चिंचोका?"

"अर्धा चिंचोका कसा टाकू, भाऊ?"

हे त्याने चिडून नाही, खरोखरच्या अडचणीने विचारलं. मी पुष्कळ बातम्या लिहिल्या, मोठ्या माणसांची निर्लज्ज निवेदनं उतरवून घेतली. पण या एका वाक्याइतका राग मला कशाचा आला असेल असं वाटत नाही. तो खोटा माणूस नव्हता. त्याच्या पद्धतीत एकट्या माणसाला मोजायची सोयच नव्हती, आणि ती नाही हे त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तरी ठाण्यात जाऊन बाई मध्येच उतरली असं का सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, डबा खाली झाला होता, म्हणजे चढली असनच. आणि दीर सांगून राह्यला होता, घरचा माणूस खोटं कायले बोलन?

मुकादमाला फडाची जागा विचारून मी त्याच दिवशी निघालो. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली — उन्हात तापलेल्या एसटीने. वाटेत एका वन कार्यालयात चौकशी केली. तिथल्या बाबूंनी सांगितलं, हंगाम संपला, फड उठले, सगळे मजूर परत गेल्याचं ठेकेदाराने कळवलं आहे. मी म्हटलं, एक राहिली आहे. ते म्हणाले, राहिली असती तर कळवलं असतं. हे वाक्य मी तेव्हा जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने बांबूच्या ट्रकमधून गेलो, मग ड्रायव्हरने दाखवलेल्या पायवाटेने. फडाच्या जागी मांडवाचे खांब उभे होते आणि खाली तुटकी, वाळलेली पानं. माणूस नव्हता. मी हाका मारल्या. पलीकडे नाल्याकाठी माडिया लोकांचं छोटं गाव आहे. नाव देत नाही, त्यांनी नको म्हटलं होतं. बाजारामुळे थोडी मराठी येणारा एक म्हातारा पुढे आला. मी काही विचारायच्या आधी त्याने एक बोट वर केलं.

"एक बाई," तो म्हणाला. "तुमची?"

मावशी त्याच्या पडवीत होती. हिवतापाने पार वाळून गेली होती, उजवा पाय घोट्याशी सुजलेला. म्हाताऱ्याची सून तिला भाताची पेज पाजत होती. मावशीने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं:

"काऊन गा बाबू, दुसरी गाडी आणली का?"

हळूहळू तिने सांगितलं ते एवढंच. गाडी भरायच्या सकाळी अंगात ताप होता. मुकादम जोड्यांना हाक मारत होता — ही चढा, ती चढा. एकटीचा नंबर शेवटी लागतो हे तिला येतानाच कळलं होतं, म्हणून ती मोहाच्या झाडाखाली टेकली. डोळा लागला. इंजिनाच्या आवाजाने उठली, धावली, दगडावरून पाय मुरगळून पडली. धुळीत कोणाला दिसली नाही. मग ती मांडवात बसून राहिली. दुसरी गाडी येईल असं तिला वाटत होतं, इतकी माणसं नेणारे आपल्याला कसं विसरतील? दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, तिला नक्की आठवत नव्हतं, याच गावच्या बायका तिकडून चालल्या होत्या. त्यांनी तिला उचलून आणलं.

आणि म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. गावातून गेलेल्या एका वनरक्षकाला त्यांनी सांगितलं होतं की इथे तुमच्याकडची एक बाई आहे. तो म्हणाला, आमच्याकडचे सगळे मोजून गेले.

मावशीने पेज संपवली. मग खालच्या आवाजात विचारलं, "घरी कोणी काई बोलले का?"

मी म्हटलं, नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

अहेरीच्या दवाखान्यात काही दिवस ठेवून मी तिला गावी आणलं. दोघी बहिणी एकमेकींशी फार बोलल्या नाहीत. आईने तिचे पाय गरम पाण्याने धुतले. ती झोपल्यावर मी आईला म्हटलं, तो आकडा पुन्हा सांग.

"कोणता आकडा?"

मी पहिले दोन-तीन अंक सांगून पाहिले. ती माझ्याकडे काळजीने पाहू लागली, उन्हात फिरून आलेल्या पोराकडे पाहावं तशी. तो आकडा तिच्या तोंडून पुन्हा कधीच आला नाही. आपण काही म्हटलं होतं हे तिला आठवत होतं, काय म्हटलं ते नाही. मावशीला विचारलं, तिलाही त्यातलं काही माहीत नव्हतं. जंगलात असताना काही मोजत होतीस का, काही दिसलं का, कोणाची आठवण आली का — हे सगळे प्रश्न मी विचारले. ती म्हणाली, तहान लागली होती.

मी बातमी लिहिली. ठेकेदाराची जबाबदारी, मजूर मोजायची पद्धत, पोलिसांची नोंद, वनरक्षकाचं वाक्य, माडिया कुटुंबाने केलेली शुश्रूषा. आकड्याचा उल्लेख शेवटी दोन ओळींत केला, कारण घडलेलं लपवायचं नाही असं मी शिकलो होतो. नागपूरच्या संपादकीय टेबलावर त्या दोन ओळी उरल्या आणि बाकी गेलं. चौकटीत छापून आलं: 'निरक्षर महिलेच्या मुखातून गूढ आकडा'. खाली आकडा, तोही शेवटचे दोन अंक उलटे करून — एकसष्टच्या जागी सोळा. मी फोनवर विचारलं. उत्तर मिळालं, ठेकेदाराचं पुढे बघू, लोकांना हे आवडतंय.

वसंत पेपर घेऊन माझ्याकडे धावत आला. त्याला ठेकेदाराचं काही नव्हतं. सम केला गा आकडा, म्हणत होता, मारून टाकला!

त्यानेच पुढे दिवाळीच्या सुट्टीत खरा आकडा घेऊन बसून सव्वापंधरा हजारांच्या जरा पुढेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिला. एवढं केलं की पुरतं, म्हणाला, त्यापुढे तपासायची गरज नसते. एकानेही पूर्ण भाग गेला नाही. म्हणजे तो आकडा स्वतःच मूळ संख्या आहे, त्याची कोणत्याही प्रकारे सारखी वाटणी होत नाही. या रीतीने बनवलेला आकडा मूळ निघेलच असं नसतं, हे त्याने मला दोनदा बजावलं. दहापर्यंतच्या संख्यांचा असा आकडा मूळ असतो, पण अकरापर्यंतचा घेतला तर त्याला एकोणीसने भाग जातो. मी पडताळून पाहिलं, जातो.

चौकट छापून आल्यापासून आईच्या दारी लोक येऊ लागले. मटका लावणारे, मूल होत नसलेले, कोर्टात तारीख असलेले. आई सांगायची, मले काई येत नाई. त्यांना वाटायचं, लपवून राह्यली. मावशी तेव्हा पायाला फडकं बांधून दारातच बसलेली असायची, कारण तिच्या खोलीवर अजून दिराचं कुलूप होतं. लोक तिला ओलांडून आत जायचे. एकाने तर तिलाच विचारलं, आकडेवाली बाई कोणती. तिने आत बोट दाखवलं.

एक दिवस आई बाहेर आली आणि जमलेल्यांना म्हणाली,

"आकडा नोका इचारू बावा. बाई उरली होती जंगलात. ते काय, ते बसली हाये. तिले इचारा."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. कोणी काही विचारलं नाही. थोडा वेळ थांबून ते गेले.

मुकादमाला मी दिराच्या दारात नेलं. त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं, बाई कोठी गेली नव्हती, मीच ठेवून आलो. दीर म्हणाला, ठेवून आला ते ठीक, पण इतके दिवस ते कोणासंगं होती हे तू पाह्यलं का? कुलूप निघालं नाही. आज त्या खोलीत दिराचा मुलगा राहतो.

ठाण्यात गेलो. म्हटलं, 'आपखुशीने निघून गेली' ही नोंद दुरुस्त करा, ती तुमच्यासमोर उभी आहे. मावशी माझ्याशेजारी काठी टेकून उभीच होती. जमादार म्हणाले, बाई सापडली ना, मग तक्रार कशाची? माझ्या माहितीप्रमाणे ती नोंद तशीच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीने पुन्हा तेंदूला जायचं ठरवलं. आईच्या घरी फुकट खाणं तिला पटत नव्हतं. आणि त्या वर्षी आईसुद्धा गाडीत चढली, गुडघे दुखत असताना. मी विरोध केला. तिथे जाऊन तू काय करणार, असं विचारलं. ती फळीवर बसून मावशीला हात देत होती.

"दोघी राह्यलो तं मोजतीन," ती म्हणाली.

दोघीही आता नाहीत. मावशी आधी गेली, आईच्या घरात.

तो आकडा आईच्या तोंडी कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वसंतकडे नाही, आणि तो अजूनही शोधतो. मी सगळ्या शक्यता तपासल्या. एकही टिकली नाही. हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मावशी जंगलात का राहिली याचं स्पष्टीकरण मात्र आहे, साधं आहे, आणि ते मी वर लिहिलं आहे. या मजकुरावर पत्रं येतील. ती कशाबद्दल विचारणारी असतील, ते मला आत्ताच माहीत आहे.